मागच्या दाराची माणसं

६ जानेवारी, सोमवार

दुकान बंद करणार म्हणे! अजून ‘म्हणे’च आहे. पण आलेखराव सकाळी साडेआठला आले आणि कॉफी नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं. फुकटची कॉफी नाकारणारा साहेब म्हणजे हमखास काहीतरी वाईट घेऊन आलेला साहेब.

आलेखराव हे आम्ही ठेवलेलं नाव. शहरातल्या आमच्या कंपनीच्या अकरा कॉफीच्या दुकानांवरचे साहेब. माणूस वाईट नाही. पण दोन वाक्यं बोलून झाली की बॅगेतून टॅब्लेट निघतो आणि त्यावर एक रेघ, वर-खाली जाणारी. आजची नुसतीच खाली जात होती. म्हणाले, ‘तुमच्याकडे येणारी माणसं दोन वर्षांत तिसऱ्या हिश्श्याने कमी झालीत, मॅडम. वरून विचारणा आहे.’

मी म्हटलं, साहेब, सकाळी दहाला येऊन बघा, बसायला खुर्ची मिळणार नाही. त्यांनी मान डोलावली, पण रेघेकडे बघत. माझ्याकडे नाही.

दुकानातल्या दोघांना, मशीनवर कॉफी करणाऱ्या पोरीला आणि साफसफाई बघणाऱ्या भाऊंना, सांगितलं नाही. मशीनवालीला सांगितलं तर ती दिवसभर कप आपटेल. आणि भाऊंना सांगितलं तर ते काहीच बोलणार नाहीत, नुसते फडकं पिळत राहतील. ते मला जास्त बघवणार नाही.

७ जानेवारी, मंगळवार

काही नाही. खुर्च्या मोजल्या. छत्तीस. दोन डगमगतात.

८ जानेवारी, बुधवार

आज मुद्दाम काउंटरच्या कोपऱ्यात उभी राहून दुकान पाहिलं. सात वर्षं इथे मॅनेजर आहे, पण असं परक्यासारखं कधी पाहिलंच नव्हतं.

पुढचं दार मोठ्या रस्त्यावर. चार उंच पायऱ्या, दगडी, धरायला कठडा नाही. इमारतीचा मालक कठडा लावू देत नाही, शोभा जाते म्हणतो. समोर सात मजली ऑफिसची इमारत. तिच्यातले चार मजले आता आठवड्यातून तीन दिवस अंधारात असतात, लोक घरूनच काम करतात. जे येतात ते फोनवरूनच ऑर्डर देतात, दारातून हात आत घालावा तसा कप उचलतात आणि जातात. मशीनवाली म्हणते, ‘ताई, ह्यांचे चेहरे मी वर्षभर पाहिले नाहीत, फक्त अंगठे पाहिलेत.’

आणि मग दहा वाजता मागच्या दारावर काठीची टकटक होते. भाऊ हातातलं टाकून दार उघडायला जातात. मागचं दार गल्लीत आहे. दुधाचे क्रेट नि कपांची खोकी तिथून येतात, म्हणून तिथे पायऱ्या नाहीत, उतार आहे. गल्लीच्या पलीकडे गुडघ्या-कंबरेचे व्यायाम करून घेणारा दवाखाना. तिथून सुटलेली सगळी मंडळी आमच्याकडे येतात. पुढे मास्तरीणबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, भूगोल शिकवायच्या. त्यांच्यामागे वायरमन, वीज खात्यातून निवृत्त, दोन्ही गुडघे बदललेले. मग ती नवरा-बायको, ज्यांना आम्ही ‘दोन चमचे’ म्हणतो, कारण एक कप नि दोन चमचे मागतात आणि कपभर भांडतात. मग बाकीचे. एकूण वीस-बावीस. दुकानाचा आवाजच बदलतो. फोनवाल्यांच्या वेळी नुसतं मशीन बोलतं, ह्यांच्या वेळी मशीनचं कुणी ऐकतच नाही.

हे सुरू मीच केलं. चार वर्षांपूर्वी मास्तरीणबाई पुढच्या पायऱ्यांशी उभ्या होत्या, पहिल्या पायरीकडे बघत. पाच मिनिटं तशाच. मी बाहेर जाऊन म्हटलं, बाई, मागून या, कुणाला सांगू नका. दुसऱ्या दिवशी त्या वायरमनना घेऊन आल्या. ‘कुणाला सांगितलं नाही, फक्त ह्यांना सांगितलं.’ अशी ती बावीस झाली.

नियमाप्रमाणे मागचं दार फक्त मालासाठी. मी म्हणते, हीसुद्धा मालच, जरा जपून उतरवायचा.

१० जानेवारी, शुक्रवार

कळलं. देवा, कळलं!

संध्याकाळी पुढच्या दाराला कुलूप लावत होते. मान वर गेली आणि चौकटीवरचा तो पांढरा डबा दिसला, मुठीएवढा. बसवला तेव्हा आलेखरावांनीच सांगितलं होतं, दारातून जाणारं प्रत्येक डोकं हा मोजतो आणि आकडा आपोआप वर जातो. पुढच्या दारावर एक. मागच्या दारावर नाही. मालाची डोकी कोण मोजणार?

पायरीवरच बसले. रोजची बावीस. शिवाय त्यांना भेटायला येणारी लेक, सून, नातवंडं, तीही मागूनच येतात, कारण आजीला धरून आणायचं असतं. दवाखान्यातल्या नर्स मागून. एकदा सवय लागल्यावर गल्लीतली निम्मी दुकानं मागून. चार वर्षं ही सगळी माणसं माझ्या डोळ्यांसमोर बसून कॉफी प्यायली आणि कंपनीच्या लेखी आलीच नाहीत.

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. तोही चार वर्षं रोज सकाळी दहा वाजता.

११ जानेवारी, शनिवार

झोप नाही. कॉफीला दोष देता येत नाही, मी चहा पिते.

१२ जानेवारी, रविवार

नवऱ्याला सांगितलं. तो बसच्या डेपोत मेकॅनिक आहे, त्याचं सगळं बोलणं गाडीच्या खालून आल्यासारखं असतं, तुटक आणि आडवं. सगळं ऐकून म्हणाला, ‘म्हणजे एवढी मोठी कंपनी तू एकटीने दार उघडून बुडवलीस. एवढी मोठी तू झालीस कधी?’

मला रडू आलं. मग त्याने ताट वाढून समोर ठेवलं आणि म्हणाला, ‘फोन कर साहेबाला. खरं सांग. फार तर ओरडेल.’ लग्नाला एकवीस वर्षं झाली, अजून ह्याचं शहाणपण मला दुसऱ्या दिवशीच पटतं.

१३ जानेवारी, सोमवार

फोन केला. मागच्या दाराचं सगळं कबूल केलं. म्हटलं, साहेब, नियम मोडला, माझी चूक. पण मला पंधरा दिवस द्या. सगळ्यांना पुढच्या दाराने आणते. मग तुमची रेघ बघा आणि मग ठरवा.

सगळं ऐकून घेतलं त्यांनी.  मग म्हणाले, ‘बघू, मॅडम.’

ओरडले नाहीत! नियम मोडल्याबद्दल एक अक्षर नाही. आमच्या घरी आई ‘बघू’ म्हणाली की ते ‘नाही’ असायचं. पण साहेब म्हणजे काही आई नव्हे. मी ‘बघू’ म्हणजे हो असं धरलं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

सांगितलं सगळ्यांना. सकाळी सव्वादहाला, दुधाच्या रिकाम्या क्रेटवर उभी राहून. आधी वाटलं थोडक्यात सांगू, दुकानाची गणती आहे, पंधरा दिवस पुढून या, बस. पण मास्तरीणबाईंनी विचारलं, ‘का गं?’ त्या ‘का गं’ला खोटं उत्तर देता येत नाही. चाळीस वर्षं वर्गात विचारलेलं ‘का गं’ आहे ते. मी सगळं सांगून टाकलं. डबा, रेघ, माझी चूक. शेवटी शेवटी रडायलाच लागले. क्रेटवर उभं राहून रडणाऱ्या बाईइतकं हास्यास्पद जगात काही नसेल.

कुणी हसलं नाही. वायरमन म्हणाले, ‘मॅनेजरबाई, उतरा आधी, क्रेट मोडेल.’ मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘चारच पायऱ्या ना? मी मुलांकडून अख्ख्या डोंगररांगा पाठ करून घेतल्यात.’ दोन चमच्यांतल्या आजी नवऱ्याला म्हणाल्या, ‘तुम्हाला जमेल का?’ ते म्हणाले, ‘तू वर पोचून मला नावं ठेवायला लाग, मी आवाजाच्या रोखाने येतो.’

मशीनवालीने कप आपटले नाहीत. तिने एका खोक्याचा पुठ्ठा कापला आणि मागच्या दारावर पाटी लावली: ‘पंधरा दिवस पुढून या. कृपा करून. डोकी मोजायची आहेत.’ मी म्हटलं, डोकी काय गं, माणसं लिही. तिने खोडून ‘माणसं’ केलं.

१५ जानेवारी, बुधवार. दिवस पहिला

भाऊंनी काय केलं असेल? काल संध्याकाळी स्वतः जाऊन जाड दोर आणला. दाराच्या कडीपासून खाली नळाच्या पाइपापर्यंत ताणून बांधला, कठड्यासारखा. आज सकाळी धुतलेला शर्ट घालून खालच्या पायरीवर उभे, लग्नघरातल्या यजमानासारखे. एकेकाचा हात धरून वर. भाऊ दिवसाला दहा शब्द बोलत असतील, त्यातले आठ आज ‘सावकाश’ होते.

दिवसभर काउंटरवरून मी स्वतः मोजलं. डबा मोजतोच आहे, पण माझा माझ्यावर विश्वास हवा. काउंटरच्या मागे कागद चिकटवला. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. आजची एकशे नव्वद! आणि हे बुधवारी, समोरच्या इमारतीत अंधार असताना.

दुपारी सगळ्यांना आकडा वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या. कोपऱ्यात बसलेल्या एका फोनवाल्याने कानातली ती पांढरी बोंडं काढून पाहिलं, काय झालं म्हणून. चेहरा चांगला आहे त्याचा. कळलं तरी.

१७ जानेवारी, शुक्रवार. दिवस तिसरा

दोनशे अकरा. मी घरी येताना बसमध्ये गात होते म्हणे. शेजारीण सांगत होती.

२० जानेवारी, सोमवार. दिवस सहावा

आज दोन चमचे फार भांडले. विषय साखरेचा. आजोबा तणतणत उठले, पुढच्या दाराने बाहेर, चार पायऱ्या खाली. फुटपाथवर जाऊन लक्षात आलं, चष्मा टेबलावर. परत वर. आजी म्हणाल्या, ‘बरं झालं, एक डोकं वाढलं. उद्यापासून दोनदा भांडू.’

ही कल्पना सगळ्यांना भलतीच आवडली. वायरमन म्हणाले, सिगारेट सोडून वीस वर्षं झाली, पण कंपनीसाठी पुन्हा बाहेर जाऊन ओढायला तयार आहे. मास्तरीणबाईंनी काठी जमिनीवर आपटली. ‘खोटं मोजायचं नाही. एका माणसाची एकच रेघ.’ आणि काउंटरमागे येऊन माझ्याकडून आजोबांची जास्तीची रेघ खोडून घेतली. डबा काही खोडणार नाही, पण मी खोडली.

काय लोक आहेत हे. एवढ्या वयात पायऱ्या चढून माझ्या चुकीचं प्रायश्चित्त घेतायत आणि वर प्रामाणिकपणे घेतायत.

२१ जानेवारी, मंगळवार. दिवस सातवा

मशीनवाली विचारत होती, ‘ताई, राहिलं ना दुकान, तर मागच्या दारावर पण डबा लावून घेऊ या.’ मी म्हटलं, पहिलं काम तेच. राहिलं ‘तर’ नाही, राहिलं ‘की’. तिने मला कधी नाही ती कॉफी करून दिली, मापात, फेसावर पान काढून. मी प्यायले. झोप तशीही येत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार. दिवस नववा

आज मी मास्तरीणबाईंना ओरडले. सगळ्यांसमोर. 

दवाखान्यातली नर्स सकाळी आत आली, रागाने लाल. ‘तुमच्या बाईंचा गुडघा बघितलात? नारळाएवढा झालाय. रोज चार पायऱ्या वर, चार खाली. कोणी सांगितलं त्यांना?’ मी सांगितलं होतं. मी! मी तशीच मागे धावले, पाटी फाडली, दार सताड उघडलं आणि गल्लीत जाऊन उभी राहिले. मंडळी येत होती. मी म्हटलं, बास, इकडून या, गणती गेली खड्ड्यात. कुणी थांबेना. माझ्याजवळून गेले सगळे, कोपऱ्यावरून वळून पुढच्या बाजूला. दोन चमच्यांतले आजोबा जाता जाता टोपी उचलून म्हणाले, ‘रस्ता चुकलात का तुम्ही?’

पुढे गेले तर मास्तरीणबाई खालच्या पायरीशी, दोर धरून. मी म्हटलं, तुम्हाला काही वाटतं का, गुडघा गेला तर कोण करणार तुमचं, तुम्ही एकट्या राहता, हट्टाला पण वय असतं, आणि काय काय. माझ्या आईला कधी बोलले नव्हते इतकं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग काठी माझ्या हातात दिली. ‘ही धर. पंधरा म्हणाली होतीस ना? आज नववा.’ आणि भाऊंच्या खांद्यावर हात टाकून चढल्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, थांबून.

मी खाली काठी घेऊन उभी. काय करावं अशा माणसाचं? मिठी मारावी की डोक्यावर काठी घालावी?

मग बर्फाची पिशवी करून गुडघ्यावर बांधली. दुकानातलाच बर्फ. कंपनीने ह्याचाही आलेख काढावा.

२९ जानेवारी, बुधवार. दिवस पंधरावा

झाले. पंधरा दिवस, तीन हजार एकशे बत्तीस माणसं. एकही रेघ खोटी नाही. मास्तरीणबाईंनी स्वतः बेरीज तपासली, दोनदा, चष्मा पुसून.

आलेखरावांना पत्र लिहिलं. फार लांब झालं होतं, नवऱ्याने अर्धं कापलं. ‘साहेब, आता डब्यातला आकडा बघा. ही माणसं आधीपासून होती. मी ती लपवली होती, मुद्दाम नाही. दुकानाचा ह्यात दोष नाही.’ कागदाचे फोटो जोडून पाठवलं.

संध्याकाळी सगळे नेहमीपेक्षा उशिरापर्यंत बसले. वायरमननी सगळ्यांना केक घेतला. मला वाटतं राहील दुकान. मनापासून वाटतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

नाही राहिलं.

आलेखराव आले, दुपारी तीनला. आज कॉफी घेतली. टॅब्लेट काढला नाही. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले आणि मलाही बसायला सांगितलं. म्हणाले, ‘पंधरा फेब्रुवारीपासून बंद. निर्णय नोव्हेंबरातच झाला होता, मॅडम. तुमचं पत्र मी वर पाठवलं. वाचलं त्यांनी. पण निर्णय तोच.’

मी म्हटलं, आणि आकडा? त्यांनी कपातला फेस चमच्याने ढवळला. मग एकेक गोष्ट सांगितली. कधी नव्हे ते साध्या भाषेत. इथून पंधरा मिनिटं चाललं की आमच्याच कंपनीची चार दुकानं लागतात. वाढत होतो तेव्हा प्रत्येक चौकात एक उघडलं, कारण दुसऱ्या कंपनीने उघडू नये. आता आपलीच दुकानं आपलंच गिऱ्हाईक खातात. त्यात ऑफिसं अर्धी रिकामी. जे येतात ते फोनवरून मागवतात, त्यांना खुर्ची नको, खिडकी हवी. छत्तीस खुर्च्यांच्या जागेचं भाडं मात्र छत्तीस खुर्च्यांचंच. करार संपतोय. मग आधी कुठलं वाचवायचं? हमरस्त्यावरचं, गाडीतून उतरावं न लागणारं. ‘आणि तुमच्यासारख्या दुकानाची माणसं पक्की असतात. एक दुकान बंद केलं की ती शेजारच्याकडे वळतात, असं वरचं गणित आहे.’

मी म्हटलं, शेजारचं दुकान सहा पदरी रस्त्याच्या पलीकडे आहे, साहेब. मास्तरीणबाई चार पायऱ्यांत अर्धमेल्या होतात. 

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. म्हणजे मागचं दार उघडलं नसतं, डब्याने चार वर्षं सगळी माणसं मोजली असती, तर वाचलं असतं का?

आलेखरावांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदा नीट. ‘डबा? मॅडम, त्या डब्यांचं कंत्राट तीन वर्षांपूर्वीच संपलं. सगळ्या दुकानांतले डबे बंद आहेत, काढायला कुणी गेलं नाही एवढंच. माझी रेघ फोनवरच्या ऑर्डरींची असते. बाकीची माणसं अंदाजाने धरतात.’

मी म्हटलं, मग मी फोन केला तेव्हाच का नाही सांगितलंत? म्हणाले, ‘मी बघू म्हणालो होतो.’

म्हणजे माझी चूक नव्हती. मी काहीच बुडवलं नव्हतं. तीन आठवडे जे ऐकायला आसुसले होते ते ऐकलं, आणि ऐकताना मला फक्त तो नारळाएवढा गुडघा दिसत होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं. डब्याचं त्यांना सांगायचं नाही. कुणालाच नाही. मशीनवालीला आणि भाऊंनाही नाही. दुकान बंद होणार एवढंच सांगायचं, कारण भाडं, कारण चार दुकानं जवळ जवळ. ते खरंच आहे. पण पंधरा दिवस त्या पायऱ्या बंद डब्याखालून चढलात, हे कुठल्या तोंडाने सांगू? त्यांना वाटू दे आपण शेवटपर्यंत लढलो, आपण मोजले गेलो.

सांगितलं क्रेटवर न चढता. दोन चमच्यांतल्या आजींनी नवऱ्याचा हात धरला. मास्तरीणबाईंनी विचारलं, ‘आकडा कमी पडला का गं?’ मी म्हटलं, नाही बाई, आकडा भरपूर होता. साहेबसुद्धा म्हणाले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. पकडलं की काय असं वाटलं. पण नाही. रुमाल शोधत होत्या.

खोटं बोलायची सवय नाही, घाम फुटला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मशीनवालीला स्टेशनच्या दुकानात पाठवतायत. भाऊंना दोन चौक पुढच्या. मला हमरस्त्यावरच्या खिडकीवर. तिथे एकही खुर्ची नाही. मी गाडीतल्या हाताला कप देणार.

तिघं तीन तोंडांना. मशीनवाली रडली आणि मग मला म्हणाली, ‘ताई, तुमच्यासारखी नियम मोडणारी मॅनेजर मला पुन्हा मिळणार नाही.’ भाऊंनी फडकं पिळलं. खूप वेळ पिळलं. त्यात पाणी नव्हतंच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. सकाळीच दोन्ही दारं उघडून टाकली, पुढचं आणि मागचं. आज मोजायला कुणी नाही, ज्याला जिथून यायचं त्याने तिथून यावं. सगळी मागूनच आली, सवयीने, काठ्या वाजवत. भाऊ मागच्या दारात उभे राहून शेवटचं ‘सावकाश’ म्हणाले.

वायरमननी भाषण केलं, तीन वाक्यांचं. नवरा डेपोतून वेळ काढून आला, हात काळे, आणि मागच्या दारात उभा राहून सगळ्यांकडे बघत बसला. घरी येताना म्हणाला, ‘आता कळलं तू दार का उघडलंस.’ एवढंच. माझ्या नवऱ्याकडून हे म्हणजे हार घालण्यासारखं आहे.

त्या माणसांवर माझा जीव आहे. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने मी त्यांना फक्त ‘साखर हवी का’ विचारलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मास्तरीणबाईंच्या घरी गेले, गुडघा बघायला. सूज उतरली आहे. बाई चहा करू देईनात, स्वतःच केला. त्यांचा तो साधेपणा बघून मला राहवेना, सगळं सांगून टाकलं. डबा तीन वर्षं बंद होता, बाई. तुम्ही सगळे उगाच चढलात. मला ३१ तारखेला कळलं आणि मी तुमच्यापासून लपवलं.

बाईंनी कप माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, ‘वायरमनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आम्हाला. तार तुटलेली आहे, हा काही मोजत नाही म्हणून.’

मी म्हटलं, मग पंधरा दिवस पायऱ्या कशाला चढलात?

‘तू मोजत होतीस ना.’